२७० मतं, पण पंतप्रधान कोण?

तर झालं असं, की मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत सरकार पडलं.

आयटी पार्कच्या वाटेवर असतात तसल्या पुण्यातल्या टॉवरवाल्या सोसायट्यांपैकी आमची एक. कमिटीवर तीन गट नाराज होते. एकाला टँकरचा खर्च खुपत होता, दुसऱ्याला पार्किंगचं वाटप, आणि तिसऱ्याला बॅचलर भाडेकरूंसाठी केलेले नवे नियम. या तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पण त्या रविवारच्या सभेत तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे ही कमिटी नको. दणदणीत मतदान झालं, कमिटीने तिथल्या तिथे राजीनामे दिले, टाळ्या पडल्या. मग मावळत्या सेक्रेटरीकाकांनी चष्मा पुसत विचारलं, "बरं, मग आता कमिटीत कोण कोण येतंय?"

शांतता. क्लबहाउसच्या पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी.

पुढचे पाच महिने चेकवर सही करायला माणूस नव्हता. लिफ्टच्या मेंटेनन्सचं कंत्राट संपलं, दोनपैकी एक लिफ्ट बंद पडली, दुसरी मनात आलं तर चालायची. अकराव्या मजल्यावरच्या आजी दिवाळीपर्यंत खाली उतरल्याच नाहीत. शेवटी प्रशासक आला.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसत सुटले. म्हणाले, "अरे, हे म्हणजे अगदी नव्याण्णव सालचं झालं!" मी १९९९ साली दोन वर्षांचा होतो, त्यामुळे मला त्यातलं काय आठवणार, कप्पाळ! पण मग ते वाचायला बसलो, आणि एकातून दुसरं निघत दोन-तीन वीकेंड गेले. तीच ही गोष्ट.

१९९८ च्या निवडणुकीनंतर अटलबिहारी वाजपेयींचं आघाडी सरकार आलं. त्यात जयललितांच्या अण्णाद्रमुकचे १८ खासदार होते. एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी पाठिंबा काढला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितलं, आणि १७ एप्रिलला मतदान झालं. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार पडलं.

हे एक मत कोणाचं, यावर लोक आजही वाद घालतात. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. ते दिल्लीत येऊन सरकारविरोधात मत देऊन गेले. नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून विरोधात मत दिलं. मायावतींच्या बसपाने ऐन वेळी विरोधात मतदान केलं. एका मताने निकाल लागला की प्रत्येकच मत "ते" मत असतं, नाही का?

पण मला त्या एका मतापेक्षा उरलेल्या २६९ मतांचं कुतूहल जास्त वाटलं. म्हणजे बघा, २७० खासदारांनी सांगितलं की हे सरकार नको. मग हवं कोण? काँग्रेसने सरकार बनवायचा दावा केला, सोनिया गांधींनी २७२ चा आकडा सांगितला, आणि मुलायमसिंह यादवांनी पाठिंबा द्यायला नकार दिला. झालं. वाजपेयींना पाडायला मुलायमसिंह चालत होते, सोनियांना बसवायला नाही. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. निवडणुका सप्टेंबर-ऑक्टोबरात झाल्या आणि मधल्या काळात कारगिलचं युद्ध काळजीवाहू सरकारने लढलं! पडलेल्या पंतप्रधानांनीच. निवडणुकीनंतर परत वाजपेयीच आले, आणि भाजपच्या जागा किती? आधी १८२, नंतरही १८२. एवढं सगळं करून प्रॉडक्शनला तेच व्हर्जन परत.

(आपल्याकडे मात्र या प्रकरणाने बरंच काही हललं. त्याच धामधुमीत शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडले आणि जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. युती सरकारने विधानसभेची निवडणूकही लोकसभेबरोबरच, मुदतीआधी घेतली आणि सत्ता गमावली. नारायण राणे गेले, विलासराव देशमुख आले.)

आता, विरोधात बहुमत आहे पण बाजूने कोणाचंच नाही, या अवस्थेचं सगळ्यात भीषण उदाहरण जर्मनीचं. पहिल्या महायुद्धानंतरचं वायमार प्रजासत्ताक. फेब्रुवारी १९१९ ते जानेवारी १९३३ या चौदा वर्षांत तिथे १२ जण सरकारप्रमुख होऊन गेले. तेरावा हिटलर.

शाळेत आपण वर्सायचा तह, महागाई, नोटांनी भरलेल्या हातगाड्या वगैरे शिकलो. ते खरंच आहे. पण त्यांच्या संसदेचं गणित शाळेत कोणी दाखवलं नाही. जुलै १९३२ च्या निवडणुकीत राइखस्टागमध्ये ६०८ जागा होत्या. नाझी २३०, कम्युनिस्ट ८९. बेरीज करा, ३१९, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे दोन पक्ष रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडत होते, पण सभागृहात दोघं मिळून कुठलंही सरकार पाडू शकत होते. आणि दोघं मिळून सरकार बनवणं तर जन्मात शक्य नव्हतं.

१२ सप्टेंबर १९३२ चा प्रसंग तर सिनेमात शोभेल असा आहे. चॅन्सेलर फ्रांझ फॉन पापेन यांनी संसद बरखास्तीचा अध्यक्षांचा हुकूम आधीच खिशात घालून ठेवला होता. कम्युनिस्टांनी अविश्वास ठराव आणला. पापेन लाल फोल्डर घेऊन उभे राहिले, बोलू द्या म्हणाले. सभापतीच्या खुर्चीत होता हर्मान गोरिंग. त्याने सरळ दुसरीकडे तोंड फिरवलं आणि मतदान सुरू केलं! पापेन तो कागद सभापतींच्या टेबलावर आपटून निघून गेले. ठरावाच्या बाजूने ५१२, विरोधात ४२. हुकूम आधी पोचला म्हणून मतदान बेकायदा ठरलं, पण इभ्रत जायची ती गेलीच. नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक. नाझी घसरून १९६ वर आले, कम्युनिस्ट वाढून १०० झाले. एकूण जागा ५८४, दोघांची बेरीज २९६. परत निम्म्याहून जास्त. तीन महिन्यांत हिटलर चॅन्सेलर झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वायमारची बहुतेक सरकारं अशा ठरावांनी पडलीच नाहीत. ती आतून फुटली. शेवटचं धड बहुमतवालं सरकार हर्मान म्युलर यांचं, ते मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याचा हप्ता अर्ध्या टक्क्याने वाढवायचा की नाही यावर गेलं. अर्धा टक्का! त्यानंतरचे चॅन्सेलर संसदेच्या नव्हे, तर अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या मर्जीवर आणि कलम ४८ च्या वटहुकमांवर चालले. संसद कुठलंच सरकार उभं करू शकत नव्हती, म्हणून सत्ता एका म्हाताऱ्या फील्ड मार्शलच्या आणि त्याच्या कानाशी लागणाऱ्या चार लोकांच्या हातात गेली. मला वाटतं खरा धोका तिथे होता. सरकारं पडण्याने लोकशाही लगेच मरत नाही. त्या रिकाम्या खुर्चीवर नंतर कोण येऊन बसतं, त्याने मरते.

१९४८-४९ मध्ये बॉनला पश्चिम जर्मनीची नवी घटना लिहायला ६५ जण बसले. अध्यक्ष कोनराड आडेनॉवर. या लोकांनी वायमार स्वतः जगलेलं होतं, त्यामुळे त्यांची चर्चा हवेत नव्हती. त्यांनी कलम ६७ लिहिलं. त्याचा अर्थ इतकाच, की चॅन्सेलरला काढायचं असेल तर त्याच मतदानात नव्या चॅन्सेलरचं नाव निवडून द्या. निव्वळ "नको" म्हणणारं मत चालणार नाही. याला रचनात्मक अविश्वास ठराव म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, रिप्लेसमेंट तयार असल्याशिवाय डिलीट करता येणार नाही.

गंमत म्हणजे सप्टेंबर १९४९ मध्ये आडेनॉवर स्वतः चॅन्सेलर झाले ते काठावर. ४०२ खासदारांत २०२ मतं हवी होती, बरोबर २०२ पडली. त्यात त्यांचं स्वतःचं एक. आणि टिकले १४ वर्षं, म्हणजे अख्ख्या वायमारएवढे.

हे कलम आजवर दोनदाच वापरलं गेलं, आणि दोन्ही वेळा वाचण्यासारखं आहे.

पहिली वेळ २७ एप्रिल १९७२. विली ब्रांट पूर्वेच्या कम्युनिस्ट देशांशी करार करत होते, त्यावर चिडून त्यांच्याच आघाडीतले काही खासदार विरोधकांकडे गेले. बहुमत गेलं. विरोधी नेते राइनर बार्झेल यांनी हिशोब केला, २४९ मतं हवीत आणि ती आहेत. मतदान गुप्त होतं. पेट्या उघडल्या तर २४७! दोन मतं कुठे गेली? पुढच्या वर्षी बार्झेल यांच्याच पक्षाचा युलियुस श्टायनर म्हणाला, की आपल्याला ५०,००० मार्क मिळाले. आणि जर्मनी एक झाल्यावर कळलं, की पैसे पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने, श्टाझीने, दिले होते. शीतयुद्धातल्या शांततेचं एक मोठं पाऊल वाचवलं कोणी, तर कम्युनिस्ट हेरांनी लाच देऊन! यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

(हसू नका. आपल्याकडे जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला, आणि मग झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण निघालं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की लाच घेऊन सभागृहात मत दिलं तर त्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. हा निकाल उलटायला मार्च २०२४ उजाडावं लागलं.)

ब्रांट वाचले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बजेटवर २४७-२४७ अशी बरोबरी झाली आणि ते नामंजूर झालं. म्हणजे खुर्ची शाबूत, कारभार ठप्प. हे त्या कलमाचं खरं दुखणं. शेवटी त्यांनी मुद्दाम विश्वासदर्शक ठराव हरवून घेतला आणि नोव्हेंबरात निवडणूक जिंकली.

दुसरी वेळ १ ऑक्टोबर १९८२. हान्स-डीट्रिश गेन्शर यांचा छोटा पक्ष हेल्मुट श्मिट यांची साथ सोडून हेल्मुट कोल यांच्याकडे गेला. कोल यांना २५६ मतं मिळाली, श्मिट गेले, कोल आले. अर्ध्या दिवसाचं काम. कायदेशीर होतं, पण पुष्कळ जर्मन लोकांना ते रुचलं नाही, कारण १९८० मध्ये त्यांनी मत श्मिट-गेन्शर जोडीला दिलं होतं. कोल यांनाही हे कळत होतं. त्यांनी मार्च १९८३ मध्ये निवडणूक घेतली, आणि जिंकली.

आता आपण काय केलं ते बघू. जर्मनीची भीती होती रिकाम्या खुर्चीची. आपली भीती होती आयाराम-गयारामांची. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि भाषेला एक शब्द देऊन गेले. १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदी आणली. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाणार. एक तृतीयांश लोक फुटले तर मात्र ती "फूट", आणि ती माफ! थोडक्यात, किरकोळ विक्रीला बंदी, घाऊक चालेल. २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने ती पळवाट काढली. आता विलीनीकरण हवं आणि त्याला दोन तृतीयांश हवेत.

ज्यांनी कधी कोड लिहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बग पॅच केला की यूजर वर्कअराउंड शोधतो. कर्नाटकात २०१९ ला आणि मध्य प्रदेशात २०२० ला आमदारांनी व्हिप मोडलाच नाही. सरळ राजीनामे दिले, सभागृहाची संख्या खाली आणली आणि सरकारं पडली. मधल्या काळात सगळे रिसॉर्टमध्ये.

आणि २०२२ चा महाराष्ट्र. एकनाथ शिंदेंचं बंड, सुरत, गुवाहाटी, काय झाडी काय डोंगार... ते सगळं तुम्ही पाहिलंय. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं बरोबर नव्हतं, व्हिप नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे, पण ठाकरेंनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांनी घ्यायचा. तो आला जानेवारी २०२४ मध्ये: शिंदे गटच खरी शिवसेना, अपात्र कोणीच नाही.

ऑफिसात लंचला मी एकदा फुशारकीने म्हटलं, की आपल्याकडे जर्मनीचं कलम ६७ असतं तर हे झालंच नसतं. आमच्या टीममधली एक मुलगी, जिला राजकारणात शून्य रस आहे, म्हणाली, "का? शिंदेंकडे नाव पण होतं आणि आकडे पण होते ना?" आणि मी गप्प. कारण ती बरोबर होती. ४ जुलै २०२२ ला शिंदेंनी १६४-९९ अशी बहुमत चाचणी जिंकली. कलम ६७ रिकामी खुर्ची थांबवतं, बदललेली नाही. म्हणजे १९९९ चं वाजपेयी सरकार त्या कलमाने वाचलं असतं, कारण २७० जणांना एक नाव लिहिता येत नव्हतं. (तिथे विश्वासदर्शक ठराव हरला तरी चॅन्सेलर आपोआप जात नाही.) पण २०२२ हे आपलं १९८२ होतं. फरक इतकाच, की कोल पाच महिन्यांत मतदारांपुढे गेले. आपल्याला विधानसभेसाठी विचारलं गेलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, एकोणतीस महिन्यांनी.

फ्रान्सचा रस्ता तिसराच. १९४६ ते १९५८ या चौथ्या प्रजासत्ताकात सरकारं सरासरी सहा-एक महिने टिकायची. अल्जीरियाच्या प्रश्नावर ते कोसळलं आणि द गॉल आले. त्यांनी खुर्चीखाली टेकूच टेकू लावले: थेट ताकदवान राष्ट्राध्यक्ष, आणि कलम ४९.३, म्हणजे मतदान न घेताच कायदा मंजूर, हिंमत असेल तर सरकार पाडून दाखवा. त्यातही मोजायची ती फक्त सरकारविरोधी मतं. गैरहजर आणि तटस्थ सगळे आपोआप सरकारचे. १९६२ मध्ये एकदाच असा ठराव जिंकला, मग ६२ वर्षं काही नाही. मी हे वाचताना मनात म्हटलं, वा, काय मजबूत बांधकाम! पण त्या ठरावात पर्यायी नाव द्यायची अट नाही. २०२४ च्या निवडणुकीत संसद तीन तुकड्यांत विभागली गेली, आणि ४ डिसेंबर २०२४ ला डावे आणि कट्टर उजवे एकत्र आले आणि ३३१ मतांनी मिशेल बार्निये यांचं सरकार तीन महिन्यांत पाडलं. ती बेरीज बघून १९३२ आठवतंच. (तुलना फक्त गणिताची करतोय, बाकी नको.) सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रांस्वा बायरू यांचंही तेच झालं.

इस्रायलने तर पंतप्रधानच थेट निवडून पाहिला, १९९६ पासून तीनदा. लोकांनी एक मत आवडत्या पंतप्रधानाला आणि दुसरं मत आवडत्या छोट्या पक्षाला दिलं. दोन मोठ्या पक्षांच्या मिळून जागा १२० पैकी १९९२ मध्ये ७६ होत्या, त्या १९९९ मध्ये ४५ वर आल्या. २००१ मध्ये तो कायदा गुंडाळला. मग त्यांनीही जर्मन ठराव घेतला, आणि तरी २०१९ ते २०२२ दरम्यान पाच निवडणुका झाल्या. त्यामुळे कलम उचलून आणलं की स्थैर्य येतं, असं मी तरी म्हणणार नाही. जर्मनीतही डिसेंबर २०२४ ला शोल्त्स यांचं सरकार आघाडी फुटल्यानेच गेलं. मात्र ते गेलं तेव्हा पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि हे माझ्या मते कमी नाही.

आपल्याकडे ही कल्पना कोणाला सुचली नाही असंही नाही. १९९९ मध्येच विधी आयोगाच्या १७० व्या अहवालात ती होती, आणि २००२ मध्ये न्या. वेंकटचलय्या आयोगानेही अविश्वासाबरोबर पर्यायी नेता निवडायची शिफारस केली. पुढे काही झालं नाही. जो पक्ष सत्तेत असतो त्याला गरज वाटत नाही, आणि जो विरोधात असतो त्याला ती नको असते.

असो. प्रशासकांची मुदत संपत आली तेव्हा सोसायटीची सभा झाली. परत तेच, टँकर, पार्किंग, आवाज चढलेले. मी हात वर करून म्हटलं, की यापुढे कमिटी हटवायची मागणी करणाऱ्यांनी मागणीसोबत नव्या सात जणांची नावं आणि त्यांच्या सह्या द्याव्यात, तरच विषय चर्चेला घ्यायचा. लगेच मागून एक काका ओरडले, "छान! मग पहिलं नाव तुमचं लिहा!"

तर सध्या मी खजिनदार आहे. या रविवारी साडेदहाला मीटिंग आहे, लिफ्टची तीन कोटेशनं आली आहेत, आणि तिन्ही गटांना त्यातलं वेगवेगळं आवडलंय.